चौसष्टावी नळी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, आणि सांगताना मला तुमचे चेहरे दिसायला हवेत. एक कीर्तनकार, त्यांच्या मागे उभा राहून धृपद धरणारा एक माणूस आणि दोघांवर जीव असलेली एक बाई, अशा तिघांची ही गोष्ट आहे. ती घडायला अजून पंधराएक वर्षं आहेत. पण मी ती घडून गेल्यासारखीच सांगणार आहे. पांडुरंगाच्या हिशेबी पंधरा वर्षं म्हणजे किती, ते त्यालाच माहीत.

पंचगंगेच्या काठी मागांचं एक गाव. तिथल्या विणकर पेठेत विठ्ठलाचं मंदिर आणि मंदिराला लागून लांबट सभामंडप. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे व्यंकूबुवा कलागत्यांचं कीर्तन व्हायचं. बुवा एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी मागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते. चोवीस मागांच्या खडखडाटावर मात करणारा आवाज त्यांनी तिथेच कमावला. मंडपाच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, पुस्तकाएवढी एक पांढरी पेटी होती. तिला सगळे श्वासपेटी म्हणायचे.

ही पेटी काय करायची, ते थोडक्यात सांगतो. माणूस बोलला, खोकला, गायला की तोंडातून डोळ्यांना न दिसणारे थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब तासन् तास हवेत तरंगत राहतात. छातीत क्षयाचे जंतू असतील, तर ते याच थेंबांवर बसून बाहेर पडतात. पेटी दिवसभर हवा ओढायची आणि एका ओलसर पट्टीवरून सोडायची. पट्टीला चिकटलेल्या जंतूंची आनुवंशिक लिपी आतलं यंत्र वाचायचं. एके काळी हा रोग जगात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं नेत होता. सगळ्या देशांनी मिळून कंबर कसली. नवी लस आली, सहा आठवड्यांत बरं करणारं औषध आलं, आणि शाळा, शेड, देऊळ, मशीद, चर्च, जिथे म्हणून माणसं जमतात तिथे ही पेटी लागली. मी सांगतो त्या वर्षी साऱ्या जगात अकरा हजार रुग्ण उरले होते. आपल्या जिल्ह्यात दोन वर्षांत एकही नव्हता.

आणि मग लागोपाठ तीन गुरुवार विणकर पेठेतल्या पेटीवर लाल दिवा लागला.

तो दिवा वृषाली म्हेत्रेच्या फोनवरही लागला. वृषाली त्या भागाची आरोग्यसेविका. वय चाळीस, आवाज खणखणीत, चालणं भरभर. आठव्या वर्षी वडील गेले, तेव्हा तिच्या आईनं तिला बुवांच्या बालवर्गात बसवलं होतं. अभंग कुठे उचलायचा, कुठे सोडायचा, मध्ये श्वास कुठे चोरायचा, हे सारं तिला बुवांनी शिकवलेलं. एक गुरुवार चुकला तर तिला आठवडाभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर नसरीन मुजावरांचा फोन आला. "वृषाली, जंतू साधा नाही. दोन औषधांना दाद न देणारा आहे. मंडपात कुणीतरी एक जण तो सोडतंय. सप्ताह कधी आहे तुमचा?"

"अडीच आठवड्यांनी, मंगळवारी बसतो, मॅडम. चाळीस गावांची माणसं येतात."

"त्याच्या आधी माणूस सापडायला हवा. नाहीतर मला मंडपाला कुलूप लावावं लागेल. आणि कुलपानं माणूस बरा होत नाही, तो दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत जाऊन खोकतो."

वृषालीनं मुलांचा वर्ग त्याच दिवशी बंद केला, मंडपाच्या खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या आणि तपासणी गुरुवारीच ठेवली, कारण नेमानं येणारी माणसं त्या दिवशी एका जागी मिळतात. यादी केली. चौसष्ट नावं. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली एक नळी, तिच्यात वीस वेळा फुंकायचं.

मृदंगवाला सातपुते नळी हातात घेऊन म्हणाला, "वृषालीताई, नुसतं फुंकायचं का तालात?"

"तालात फुंका. तेवढं तरी तालात होईल."

मंडपात हशा पिकला. मागून गंगूमावशी ओरडली, "माझ्या तोंडाला सकाळच्या लसणाच्या चटणीचा वास हाय गं. तुझं मशीन चक्कर येऊन पडंल!"

त्रेसष्ट नळ्या झाल्या. राहिले बुवा. कीर्तनाच्या दिवशी बुवा सकाळपासून मौन धरायचे. श्वास साठवायचा असतो, असं शिष्यांना सांगायचे. मंदिरामागच्या आपल्या खोलीत पडून असायचे, आणि तिथे त्या दिवशी फक्त बाबासो जायचा. बाबासो डाके, पंचावन्न वर्षांचा, तेहतीस वर्षं बुवांच्या उजव्या खांद्यामागे टाळ घेऊन उभा राहणारा. बुवांनी ओळ म्हणायची, शेवटाला श्वास सरला की बाबासोनं ती अलगद उचलून पुरी करायची, असं त्यांचं ठरलेलं.

वृषाली दाराशी थांबली. आत जावं असं एकदा मनात आलं. पण गुरूच्या मौनात पाऊल कसं टाकायचं? तिनं नळी बाबासोच्या हातात दिली. तो आत गेला आणि थोड्या वेळानं नळी घेऊन बाहेर आला.

"झालं?"

"झालं," बाबासो म्हणाला.

शनिवारी निकाल आला. चौसष्टच्या चौसष्ट नळ्या स्वच्छ.

"पेटीच बिघडली असेल," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. पेटी बदलली. सोमवारी बालवर्गातल्या बावीस मुलांची वेगळी तपासणी झाली. तिघांच्या शरीरात जंतूचं बीज पडलेलं निघालं. रोग नव्हे, नुसतं बीज. वेळेवर गोळ्या दिल्या की ते तिथेच मरतं. म्हणजे पेटी खरं बोलत होती. त्या तिघांत सातपुत्यांची नात होती. मग मात्र सातपुत्यांना तालाचे विनोद सुचेनात.

पुढचा गुरुवार आला. वृषाली नेहमीच्या जागी, खांबाशी बसली. नव्या पेटीवरचा हिरवा दिवा तिला दिसत होता. बुवा उभे राहिले. खांद्यावर उपरणं, कपाळी बुक्का. पहिली ओळ उचलली आणि तिचे डोळे सवयीनं मिटले.

मिटले ते पुढच्या क्षणी उघडले.

तो अभंग तिनं आठव्या वर्षी पाठ केला होता. दुसरी ओळ बुवा एका श्वासात थेट शेवटच्या शब्दापर्यंत न्यायचे आणि तिथे बाबासो ती झेलायचा. आज बाबासोनं ती तीन शब्द आधी झेलली. इतकी बेमालूम की आवाजाला आवाज चिकटला, कुणाला फट दिसली नाही. पुढच्या ओळीला चार शब्द आधी. वृषाली बोटांवर मोजू लागली. बाबासो हातातल्या टाळाकडे बघत नव्हता, देवाकडेही नाही. तो बुवांच्या खांद्यांकडे बघत होता. खांदे वर ओढले गेले की तो ओळ उचलायचा.

निरूपण सुरू झालं. बुवा एकटे बोलू लागले, आणि पेटीवरचा दिवा लाल झाला.

देवा, हे मला कशाला ऐकवलंस, असं तिच्या मनात आलं. मग तिला वाटलं, दुसरं कुणी ऐकलं असतं?

शुक्रवारी सकाळी ती बाबासोच्या शेडमध्ये गेली. तिला बघून त्यानं सगळे माग बंद केले. तो खडखडाट थांबला की कानात नुसती शांतता वाजते.

"बाबासोकाका, बुवांची नळी तुम्ही फुंकलीत?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. काल. तीन शब्द आधी."

बाबासो सुताच्या गाठोड्यावर बसला.

"सहा महिनं झालं गं," तो म्हणाला. "पहिल्यांदा एकच शब्द कमी पडला. मी उचलला. बुवांनी वळून बघितलं न्हाई. फकस्त नंतर बुक्का लावताना माझ्या कपाळावर बोट जरा जास्त येळ ठेवलं. मी समजलो. मागाची धूळ हाय, वय हाय, म्हटलं. त्या दिवशी नळी घिऊन आत गेलो तर दोनदा फुंकलं आणि खोकल्याची उबळ आली. म्हटलं, राहू द्या. मागल्या दारानं यिऊन तुझ्या खोक्यातली नवी नळी घेतली, चिठ्ठी काढून तिला लावली. तेहतीस वर्सं त्यांची ओळ मीच पुरी करतोय. ही बी केली."

"काका, ही ओळ त्यांची त्यांनीच म्हणायची होती."

"मला काय ठावं, त्यात तीन पोरं हाईत म्हणून!" बाबासोचा आवाज फुटला. "यंत्राला तरी कळाय नको, दोन्ही नळ्या एकाच माणसाच्या हाईत?"

यंत्राला कळलं असतं. पण कळू द्यायचं नाही, असा कायदा होता. जंतूची लिपी वाचायची, माणसाची वाचायची नाही. नाहीतर लोक श्वास द्यायलाच भ्यायले असते. कायदा चांगलाच होता. बाबासोही चांगलाच होता. वृषालीनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "बुवांना तुम्ही सांगू नका. मी सांगते. तुम्ही मागाहून या."

बुवा खोलीत खिडकीशी बसले होते. हातात माळ, पायावर पांघरूण. जवळून बघितल्यावर वृषालीला त्यांच्या गळ्याची हाडं दिसली. तिनं मुखपट्टी बांधली, दुसरी खिडकीही उघडली आणि दाराजवळ बसली.

"रामकृष्णहरी, बुवा."

"रामकृष्णहरी. तोंड बांधून आलीस. बाबासोनं सांगितलं वाटतं?"

"नाही. मी ऐकलं."

"ऐकलंस?" बुवांचे डोळे चमकले. "कुठल्या ओळीला?"

"दुसऱ्या. तीन शब्द."

"मग मी शिकवलेलं फुकट गेलं न्हाई," बुवा म्हणाले आणि हसता हसता खोकले. उपरण्यात तोंड धरून खोकले, बराच वेळ. मग उपरण्याची घडी आतल्या बाजूनं घातली. तिनं तेही पाहिलं.

"काय झालंय मला?"

तिनं सांगितलं. रोगाचं नाव, जंतूची जात, औषध किती आठवडे. "औषध आज सुरू झालं तर वाचाल. डॉक्टर म्हणतात, महिनाभर आणखी असाच गेला तर फुप्फुस परत यायचं नाही. तुम्हीही."

"सप्ताह झाला की येतो."

"नाही."

"सातच दिस गं पोरी. पन्नासावा सप्ताह हाय. काल्याचं कीर्तन करतो आणि तुझ्या गाडीत बसतो. जाताना गातच जाईन, त्यात वाईट काय?"

"तुमचं तुम्ही गात जाल, बुवा. चाळीस गावांची माणसं काय घेऊन जातील?"

"हा मागाच्या धुळीचा खोकला हाय. समद्या पेठेला हाय."

वृषाली उठून उभी राहिली. "मला तुम्ही सांगितलं होतं, कीर्तनकाराच्या तोंडून जे जातं ते ऐकणाऱ्याच्या आत जाऊन बसतं. बालवर्गातल्या तीन पोरांच्या आत बसलंय. सातपुत्यांची ईश्वरी, आणि दुसरी दोन. पुढच्या रांगेतली."

माळ थांबली.

"जगतील?" बुवांनी विचारलं.

"जगतील. गोळ्या सुरू केल्यात. सापडली म्हणून."

मग बुवांनी माळ गळ्यात घातली आणि पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

"चल," ते म्हणाले. "पण दोन गोष्टी. काल्याचं कीर्तन बाबासो करील."

दारात उभा असलेला बाबासो दचकला. "मी? बुवा, मला ओळ पुरी करता येती, सुरू कुठं करता येती?"

"शिक आता. पंचावन्न वर्सांचा घोडा झालास." बुवांनी वृषालीकडे बघितलं. "आणि दुसरं. माझं नाव जाहीर करायचं."

"ते मला करता येत नाही. रुग्णाचं नाव सांगायचं नाही, अशी शपथ आहे आमची."

"तुझी शपथ हाय, माझी न्हाई. मी या वर्षात किती घरांत गेलो ठाऊक हाय? बारशी, तेरावी, वास्तू. नुसतं 'कुणाला तरी झालाय' म्हणालीस तर एक माणूस येणार न्हाई तपासायला. क्षय म्हटलं की लोक दार लावतात. व्यंकूबुवाला झालाय म्हटल्यावर येतील."

मंगळवारी सप्ताह बसला तो मंडपात नाही, मंदिरासमोरच्या पटांगणात. उघड्या हवेत थेंब पांगतात, उन्हात जंतू मरतात. तिथे धोका नसल्यासारखाच. शुक्रवारीच बुवांनी आपली नळी आपणच फुंकली होती, आणि निकाल येऊन औषध सुरू झाल्याला चार दिवस झाले होते. डॉक्टर मुजावर स्वतः आल्या, त्यांनी बुवांच्या तोंडाला जाड मुखपट्टी बांधली आणि पहिल्या रांगेपासून वीस पावलांवर, वारा लोकांकडून त्यांच्याकडे वाहील अशा जागी उभं केलं. चार वाक्यं बोला, त्यापुढे नाही, असं बजावलं.

हजारभर माणसं होती. टाळ थांबले.

बुवा म्हणाले, "मला क्षय झालाय. न जाणो किती दिवस मी तो तुम्हाला वाटला, मला न कळता. माझ्या कीर्तनाला बसला असाल, माझ्यासंगं जेवला असाल, तर त्या टेबलाकडं जावा आणि आपला श्वास आपणच द्या. देवाला नमस्कार मागनं केला तरी चालंल."

कुणी हललं नाही. मग सातपुते उठले. गळ्यातला मृदंग काढून खाली ठेवला आणि टेबलाकडे चालू लागले. त्यांच्यामागे गंगूमावशी. मग रांग लागली. ती पटांगणातून वळून पेठेच्या कमानीबाहेर गेली. वृषालीनं त्या दिवशी आणि पुढच्या सहा दिवसांत दोन हजार तीनशे नळ्या भरल्या. आणखी चौघे सापडले, सगळे सुरुवातीच्या अवस्थेतले. काल्याला बाबासो उभा राहिला. पहिली ओळ त्यानं दोनदा चुकीच्या सुरात उचलली, तिसऱ्यांदा बरोबर. पुढे त्यानं दीड तास कीर्तन केलं. चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. पण पुरं केलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण डॉक्टर मुजावर समाधानी नव्हत्या.

एके दुपारी त्या रुग्णालयात बुवांच्या खाटेशी आल्या. वृषाली होतीच. त्यांनी पडद्यावर जंतूंची एक वंशावळ दाखवली. आता हे नीट ऐका. या जंतूच्या लिपीत चव्वेचाळीस लाख अक्षरं असतात आणि साधारण दोन वर्षांनी त्यातलं एक बदलतं. म्हणून दोन माणसांचे जंतू शेजारी ठेवले की किती अक्षरांचा फरक आहे त्यावरून कळतं, कुणाचा रोग कुणाच्या किती जवळचा. जगभरातल्या रुग्णांची अशी एक वंशावळ सगळ्या देशांच्या त्या क्षयमोहिमेनं मांडली होती. लिमातल्या एखाद्या पोराची नातलग शाखा मनिलात निघायची.

"हे बुवा," डॉक्टर म्हणाल्या. "हे चौघे. त्यांचा जंतू बुवांच्याच जंतूसारखा, एका अक्षराचाही फरक नाही. आणि हा वर जुना रुग्ण, आठ वर्षांपूर्वी सोलापुरात बरा झालेला. त्याच्यात आणि बुवांच्यात तीन अक्षरं. म्हणजे मध्ये कुणीतरी आहे. ज्याची नोंदच झाली नाही. तो माणूस जिवंत असेल तर अजून सोडत असेल. नसेल तर त्याच्या घरात कुणाला तरी देऊन गेला असेल." वंशावळीत त्या जागी एक रिकामा गोल होता.

बुवा त्या गोलाकडे बघत राहिले. आवाज बसलेला होता, पण शब्द स्पष्ट आले.

"कलाक्का," ते म्हणाले.

कलावती लाखे. पेठेच्या टोकाला राहायची. मूळची सोलापूरची, तिथल्या शेडमध्ये मागाच्या कांड्यांवर सूत भरायची, नवरा वारल्यावर इकडे आली. दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेली. कागदावर मागाच्या धुळीचा दमा असं लिहिलं गेलं, कारण कांड्या भरणाऱ्या बाईला दुसरं काय होणार? श्वासपेटी तिच्या शेडमध्ये नव्हती. दहा माणसांच्या आतल्या शेडला ती लावायची नसे. मंडपातही ती पुढे येईनाशी झाली. खोकल्यानं कीर्तनात व्यत्यय नको म्हणून शेवटचं वर्षभर घरातूनच ऐकायची.

"शेवटचा महिना मी रोज तासभर जायचो तिच्याकडं," बुवा म्हणाले. "ती म्हणायची, बुवा, दोन ओळी म्हणा. खिडकी लावलेली असायची. शेजारच्या मागांच्या आवाजात तिला माझं ऐकू यायचं न्हाई म्हणून मीच लावायचो." मग म्हणाले, "तिची लेक हाय. दीपाली. कागलकडं शेडमध्ये कामाला. तीच आईचं करायची."

वृषाली त्याच दुपारी निघाली. दीपाली लाखे कांड्यांच्या यंत्राशी उभी होती. पोटात पाच महिन्यांचं मूल. खोकला महिनाभराचा. धुळीचा असेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आपला श्वास आपणच द्यायचा," वृषाली म्हणाली आणि नळी तिच्याच हातात दिली. या वेळी ती समोर उभी राहून वीसही फुंकर मोजत होती.

दीपाली सहा आठवड्यांत बरी झाली. मूल निरोगी जन्मलं. बुवा वाचले, गाणं मात्र गेलं, निरूपण तेवढं करतात, अर्धा तास, बसून. त्यानंतर दोन वर्षं जिल्ह्यातल्या एकाही पेटीवर त्या जंतूचा लाल दिवा लागला नाही, आणि जगाच्या वंशावळीतली ती शाखा डॉक्टर मुजावरांनी स्वतःच्या हातानं बंद केली. बंद करण्याआधी तिथल्या गोलात त्यांना नाव लिहिता आलं नाही. नियमच तसा, तिथे फक्त आकडा लिहितात.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. आता उठाल, घरी जाल, देवापुढे हात जोडाल. मागायचं ते मागा. पण त्याआधी एकदा कलावती लाखेची आठवण काढा. आपल्या खोकल्यानं कुणाचं कीर्तन मोडू नये म्हणून ती घरात बसून राहिली, आणि कुणी तिला विचारायला गेलं नाही.